सेल्फ ड्राइव्ह गाडी, समुद्र, जंगल आणि नसलेली स्टेपनी : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

मासिक भाड्याच्या सेल्फ ड्राइव्ह गाडीबद्दल लिहिणारे बहुतेक जण मायलेज, मागच्या सीटवरील जागा आणि कंपनीचे ॲप यांपासून सुरुवात करतात. या तिन्हींबद्दल माझी विशेष तक्रार नाही. गाडी नेहमीची ऑटोमॅटिक कॉम्पॅक्ट एसयूव्ही आहे आणि तिची माहिती वाचकांना तोंडपाठ असणार, म्हणून ती पुन्हा देत नाही. माझे म्हणणे आहे ते डिकीतील मॅट उचलल्यावर दिसणाऱ्या रिकाम्या जागेबद्दल. तेथे स्टेपनी नाही. तिच्याऐवजी एक छोटा कॉम्प्रेसर आणि पंक्चर बुजवणाऱ्या पांढऱ्या द्रवाची एक बाटली ठेवलेली आहे, आणि समुद्रकिनारे व घाटातील जंगले पाहण्यासाठी जो कोणी अशी गाडी घेणार असेल त्याने बाकी सगळे सोडून आधी ही जागा पाहावी, असे माझे मत झाले आहे.

गाडी भाड्याने का घेतली, हे आधी सांगतो. घरची जुनी पेट्रोल गाडी राजारामपुरी ते शिरोली एमआयडीसी एवढ्या रोजच्या कामाला उत्तम आहे, पण तिला भरलेल्या सामानासह घाटात घालण्याची हिंमत होत नाही. सहलींसाठी नवी गाडी विकत घ्यावी हे माझ्या हिशेबात बसत नाही. चालकासह गाडी केली तर त्याचा भत्ता आणि मुक्काम हा खर्च येतोच, शिवाय पहाटे साडेपाचला पक्षी पाहायला निघायचे म्हटले की चालकाचा चेहरा उतरतो. दिवाळीनंतर मासिक योजना घेतली आणि पावसाळा लागेपर्यंत सवड मिळेल तसे दाजीपूर, तारकर्ली, वेंगुर्ले, दांडेली, कारवार, गोकर्ण, आगुंबे आणि आंबोली असे फिरलो. उष्ण कटिबंधातील जंगल आणि समुद्र पाहण्यासाठी कोल्हापूरच्या माणसाला विमानात बसण्याचे कारण नाही. युनेस्कोने 2012 साली पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, तेव्हा महाराष्ट्रातील ज्या चार ठिकाणांचा त्यात समावेश झाला त्यांतील राधानगरी तर आपल्याच जिल्ह्यात आहे.

पहिल्या दाजीपूर फेरीत स्टेपनीचा प्रश्न उद्भवलाच नाही. 1958 साली गव्यांसाठी राखलेल्या या अभयारण्यात आपली गाडी दाराशी लावून स्थानिक जीपने आत जायचे असते, आणि आतल्या कच्च्या वाटेवरचे दगड पाहिले की ही पद्धत किती शहाणपणाची आहे हे कळते. गवे मात्र आत दिसले नाहीत. परतताना, अंधार पडू लागला असता, डांबरी रस्त्यावरच एक एकटा नर उभा राहिलेला दिसला. गुडघ्याखालचे पांढरे पाय दिव्याच्या प्रकाशात आधी दिसले, बाकीचे धूड नंतर. अशा वेळी दिवे मंद करून, हॉर्न न वाजवता थांबून राहावे. तो त्याच्या वेळेने गेला.

त्या काळात माझा सगळा राग वेगनियंत्रकावर होता. ही गाडी ताशी 80 किलोमीटरच्या पुढे जात नाही. कोगनोळी टोलनाका ओलांडून बेळगावकडे निघालो की मागून येणारा प्रत्येक जण दिव्यांची उघडझाप करत पुढे जातो, आणि काळ्या पाटीवरचे पिवळे आकडे पाहून गाडी भाड्याची आहे हे ओळखून एक दयेचा कटाक्षही टाकतो. पहिल्या महिन्याच्या शेवटी मी पेट्रोलचा हिशेब मांडला आणि ही तक्रार मागे घेतली. घरच्या लहान गाडीला महामार्गावर जेवढे पेट्रोल लागते, त्यापेक्षा या मोठ्या गाडीला फारसे जास्त लागले नाही, आणि याचे श्रेय त्या नियंत्रकालाच द्यावे लागेल. घाटात आणि कोकणात तर 80 चा प्रश्नच येत नाही. तेथे 40 सापडले तरी पुष्कळ.

तारकर्लीहून देवबागकडे जाणारा रस्ता हे त्याचे चांगले उदाहरण आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीतून दोन्ही अंगांना जांभ्याचे गडगे असलेला रस्ता. समोरून रिक्षा आली तरी आरसे मिटून घ्यावे लागतात. येथेच टायरमधील दाब दाखवणारा नारिंगी दिवा पहिल्यांदा लागला. पुढच्या डाव्या टायरमध्ये 33 ऐवजी 21 पीएसआय हवा होती आणि एक खिळा रुतलेला दिसत होता. संचातील बाटली कॉम्प्रेसरला जोडली, डॅशबोर्डवरील सॉकेटमध्ये वायर खुपसली, आणि सौभाग्यवतींचे शहाळे संपण्याच्या आत टायर पुन्हा 33 वर आला. गाडीखाली आडवे व्हावे लागले नाही, जॅक लावावा लागला नाही, कपडेही मळले नाहीत. त्या संध्याकाळी मी या परीक्षणाचा पहिला खर्डा लिहिला आणि त्यात स्टेपनी ही जुन्या पिढीची सवय आहे, असे स्वच्छ लिहिले होते.

हे मत कुडाळच्या पंक्चरवाल्यापर्यंतही टिकले नाही. त्याने टायर रिमवरून सोडवला तेव्हा आतून तो पांढरा चिकट द्रव त्याच्या पायावर सांडला. टायर आणि रिम पुसून काढण्याचे त्याने वेगळे पैसे लावले, आणि ते योग्यच होते. साध्या ट्यूबलेस पंक्चरला जेथे शंभर-दीडशे रुपये पुरतात, तेथे ही सफाई आणि कंपनीने बिलात लावलेली नव्या बाटलीची किंमत मिळून एका खिळ्याचा खर्च हजाराच्या पुढे गेला. कोल्हापुरात आल्यावर माझ्या नेहमीच्या टायरवाल्या मामांना ही हकीकत सांगितली, तर ते एवढेच म्हणाले, “हवा भरून हळू हळू आला असतासा, ह्यो डिंक कशाला भरलासा?”

वेंगुर्ल्याच्या बाजूला गाडी छान चालली. एकच सूचना करतो. सपाट ओली वाळू पाहून किनाऱ्यावर गाडी घालण्याचा मोह पुष्कळांना होतो, तो आवरावा. वायंगणीसारख्या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात आणि वाळूखालची घरटी वरून ओळखू येत नाहीत. ज्यांना कासवांचे सोयरसुतक नाही त्यांनी निदान खाऱ्या वाळूत रुतलेली भाड्याची गाडी ओढून काढण्याचा खर्च कोणाच्या माथी बसतो, ते करारपत्रात वाचावे.

आता मुख्य प्रकरणाकडे येतो. दांडेलीहून जोयडा, अणशी, कद्रा असे करत कारवारला उतरणारा रस्ता माझ्या मते कोल्हापूरहून गाठता येणाऱ्या सर्वांत सुंदर रस्त्यांपैकी एक आहे. हा सगळा भाग काळी व्याघ्र प्रकल्पाचा. पूर्वी त्याचे नाव अणशी-दांडेली असे होते, ते 2015 साली काळी नदीवरून बदलले. वाघ दिसण्याच्या आशेने येथे जाऊ नये. उंच झाडे, वेलींचे जाळे, दुपारीही दिवे लावावेसे वाटणारी सावली आणि मैलोन्‌मैल न भेटणारी माणसे, हेच येथे पाहायचे असते. जोयड्याच्या पुढे एका वळणावर समोरून बस आली, तिला वाट देण्यासाठी मी गाडी डावीकडे घेतली, आणि डांबराच्या तुटलेल्या कडेवरचा धारदार दगड मागच्या टायरच्या बाजूच्या भिंतीत घुसला. जवळजवळ दोन बोटे लांबीची चीर पडली. चाकाचा जमिनीला टेकणारा भाग खिळ्याने भोकसला गेला तर तो द्रव ते भोक बुजवतो. बाजूच्या भिंतीतील चिरेपुढे तो निरुपयोगी आहे, आणि तसे संचाच्या वेष्टनावर बारीक अक्षरात छापलेलेही आहे.

तेथे मोबाइलला रेंज नव्हती. एका वनरक्षकाने दुचाकीवरून रेंज असलेल्या ठिकाणी नेले, तेव्हा कंपनीच्या मदत क्रमांकावरील मुलीने अतिशय नम्रपणे ठिकाणाचा पिनकोड विचारला. मी जंगलात आहे असे सांगितल्यावर तिने लाइव्ह लोकेशन पाठवायला सांगितले. गाडी जेथे आहे तेथे रेंज नाही आणि रेंज जेथे आहे तेथे गाडी नाही, हे समजावून देण्यात बराच वेळ गेला. शेवटी टोइंग व्हॅन हुबळीहून निघेल आणि पोहोचण्याची वेळ सांगता येणार नाही, असे उत्तर मिळाले. 2020 साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला. ट्यूबलेस टायर, दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच या तिन्ही गोष्टी असतील तर लहान प्रवासी गाडीला स्टेपनी सक्तीची राहिली नाही. कंपनी कायद्याला धरूनच वागली, यात शंका नाही. पण स्टेपनी नाही म्हणून तिने जॅक आणि व्हीलपानाही ठेवलेला नव्हता, म्हणजे चाक काढून कोठे न्यावे म्हटले तरी ते काढणार कशाने? आमच्या वर्कशॉपमध्ये दीडशे रुपयांचा सुटा पट्टा खुंटीला टांगलेला असतो, कारण तो नसला तर चाळीस लाखांचे यंत्र दिवसभर मुके बसते.

एका जीपचालकाने आपला जॅक दिला, चाक काढून दिले आणि ते घेऊन मला दांडेलीपर्यंत सोडले. 215/60 आर 16 या मापाचा नवा टायर तेथे मिळाला नाही. एक वापरलेला, नक्षी बऱ्यापैकी शिल्लक असलेला टायर बसवून घेतला आणि काम भागवले. जीपचालकाने डिझेलचे पैसे तेवढे घेतले. इकडे आई आणि सौभाग्यवती वनखात्याच्या नाक्यावर बसून होत्या, आणि त्यांनी त्या वेळात जे पाहिले ते मला नंतर कोठेही दिसले नाही : मलबारी कवड्या धनेशाची जोडी समोरच्या वडावर येऊन फळे खात होती, आणि एका फांदीवरून दुसरीवर जाताना त्यांच्या पंखांचा आवाज खाली बाकापर्यंत येत होता. आईला ती सहल सर्वांत जास्त आवडली, आणि टायर फुटल्याबद्दल ती आजही माझ्याशी सहानुभूतीने बोलत नाही.

कंपनीशी झालेला पत्रव्यवहार सविस्तर देत नाही. थोडक्यात, टायरचे नुकसान संरक्षण योजनेत येत नाही, चालकाचा निष्काळजीपणा आहे, आणि नव्या टायरचे 9,800 रुपये अनामतीतून कापले जातील, असे त्यांचे पहिले उत्तर होते. त्याच कंपनीचा, त्याच मापाचा टायर कोल्हापुरात 7,400 रुपयांना मिळत असल्याचे दरपत्रक मी शिक्क्यासह पाठवले. त्यानंतरच्या पत्रांत टायरचा भाव बाजूला पडला आणि मी एकाच प्रश्नावर अडून राहिलो : ज्या गाडीची जाहिरात तुम्ही घाट आणि जंगलाची छायाचित्रे लावून करता, तिच्यात जंगलात उपयोगी पडणारी वस्तू का नाही? दोन महिन्यांनी त्यांनी माघार घेतली. टायर स्थानिक भावाने धरला आणि पूर्ण मापाची स्टेपनी, जॅक व पाना दिला. येथे त्यांना योग्य ते श्रेय देतो. पत्राला उत्तर न देणाऱ्या कंपन्याही मी पाहिल्या आहेत.

स्टेपनी आल्यावर दुसरीच अडचण कळली. डिकीतील पोकळी पूर्ण मापाच्या चाकासाठी उथळ आहे, त्यामुळे मॅट चार बोटे वर उचललेला राहतो आणि एक मोठी बॅग कमी बसते. सौभाग्यवतींच्या मते आता गाडीत त्यांच्यापेक्षा चाकाची बडदास्त जास्त ठेवली जाते. मला हा सौदा पूर्ण मान्य आहे. आगुंब्याचा आखूड वळणांचा घाट आणि त्यानंतर जूनमधील आंबोली मी या चाकाच्या भरवशावर निर्धास्तपणे केली.

आंबोलीबद्दल थोडे लिहिलेच पाहिजे, कारण सेल्फ ड्राइव्हचे पैसे वसूल होतात ते येथे. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या गावात धबधब्यापुढची गर्दी टाळून रात्री बाहेर पडावे. डबक्यावर झुकलेल्या फांद्यांना मलबारी उडत्या बेडकांची फेसाची घरटी लटकलेली असतात. विजेरीचा प्रकाश तिरपा धरला की ती पांढरी चमकतात. हिरण्यकेशीच्या कुंडात 2020 साली शास्त्रीय नोंद झालेला, नदीचेच नाव मिळालेला मासा राहतो, आणि पुढच्याच वर्षी त्या जागेला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. रात्री रस्त्यावर बेडूक बसलेले असतात, म्हणून ताशी 20 च्या वर जाऊ नये आणि शक्य तेथे पायीच फिरावे. चालक ठेवला असता तर भर पावसात रात्री अकरा वाजता त्याला बेडकांसाठी गाडी थांबवायला सांगण्याची माझी छाती झाली नसती. धुक्यात या गाडीचे दिवे उत्तम चालतात. मागची काच मात्र फार लवकर धूसर होते.

योजना पावसाळ्यानंतर पुन्हा सुरू करण्याचा विचार आहे, याच गाडीसह. कंपनीने नूतनीकरणाचे जे दरपत्रक पाठवले आहे त्यात ‘अतिरिक्त चाक : दरमहा 350 रुपये’ अशी एक नवी ओळ घातली आहे. ती ओळ काढल्याशिवाय सही करणार नाही, असे मी कळवले आहे, आणि तोपर्यंत स्टेपनी माझ्याच गॅरेजमध्ये आहे.