पेशीची खेच मोजायला जेल बरं की खांब?

रत्नागिरीच्या एका मुलीने एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी विचारलंय, दोन्हीवर हात मारून झालाय म्हणून लिहितो.

आधी खेचतं कोण? रापण ओढताना बघितलीयस ना, एकट्याच्याने जाळं येत नाही, पण दोराला वीसेक जण लागले की एकाने हात सोडून परत पुढे धरेपर्यंत बाकीचे तग धरतात. मायोसिन या पेशीतल्या खेचणाऱ्या प्रथिनाचं तस्संच, एकेक डोकं एटीपी (पेशीचं इंधन) खर्चून अ‍ॅक्टिनच्या धाग्याला काही पिकोन्यूटनचा हिसका देतं नि सोडतं, पण शेकडो मिळून पेशीच्या एकेका पकडीवर नॅनोन्यूटनात, म्हणजे पिकोच्या हजारपटीच्या मापात, खेच येते. मोजायची ती.

जेल म्हणजे पॉलीअ‍ॅक्रिलामाइड, खरवसासारखं थलथलीत, त्यात चमकणारे बारीक मणी. पेशी खेचते तसे मणी सरकतात, मग ट्रिप्सिन (पकड सोडवणारं एन्झाइम) घालून पेशी सोडवली की मणी मूळ जागी येतात, दोन फोटोंतला फरक बघायचा. 1999 पासून अशा जेलवर हे चालू आहे. क्रॉसलिंकर (जेलच्या साखळ्या एकमेकींना बांधणारं रसायन) कमीजास्त करून कडकपणा बदलता येतो, म्हणजे कडक पृष्ठावर पेशी जास्त खेचते का हा तुझा प्रश्न असेल तर जेलच घे. नुसत्या जेलला पेशी चिकटत नाही हां, वर कोलॅजन हे प्रथिन जोडावं लागतं. आणि गणित उलट्या दिशेचं, सरकण्यावरून मागे जाऊन जोर काढायचा, मण्यांच्या जागेत जराशी चूक झाली की जोराच्या आकड्यात केवढी तरी मोठी होते. त्यात पावसात लाईट गेली, तापमान उतरलं नि फोकस सरकला की दिवस फुकट, माझे दोन गेलेत.

खांब म्हणजे पीडीएमएस नावाच्या सिलिकॉन रबराचे, टोकांवर पेशी बसते, ते वाकतात स्प्रिंगसारखे, किती वाकले त्यावरून थेट जोर. उंची दुप्पट केलीस तर आठपट मऊ. रांगेवरून मूळ जागा कळते त्यामुळे पेशी काढावी लागत नाही, नंतर तीच रंगवून बघता येते, हे मला फार आवडतं. पण पेशीला सलग जमीन मिळत नाही, सुकवताना खांब एकमेकांना चिकटतात, आणि साच्याला क्लीनरूम (धूळ नसलेली खोली) लागते, म्हणजे पवईला आयआयटीत वगैरे ओळख काढ. साचा एकदा मिळाला की ओतत बस.

साचा हाताशी नसेल तर मी जेलच म्हणेन. काहीही घेतलंस तरी ब्लेबिस्टॅटिन घालून बघ, त्याने मायोसिन थांबतं, तरी आकडा पडला नाही तर तू सूक्ष्मदर्शकाच्या स्टेजचं सरकणं मोजत्येयस. निळ्या उजेडात ते औषध बिघडतं, तेव्हा निळ्या उजेडाशिवाय चमकणारे लाल मणीच मागव.