स्कॅन करून देतो म्हणाला आणि संग्रहच बदलून आणला

माझे वडील बँकेतून निवृत्त झालेले, राहायला सदाशिव पेठेत. शाळेत असल्यापासून टपाल तिकिटं जमवतात. भारतातलीच, त्यातही दोन गोष्टींवर जीव: स्वातंत्र्यानंतरची पहिली काही वर्षं आणि भोर संस्थान. भोर बाबांचं आजोळ. आता दृष्टी अधू झाली आहे. मधलं दिसत नाही, कडेचं थोडं दिसतं. हा संग्रह स्कॅन करून, वर्षवार लावून, मोबाईलवर बघता येईल असा करून देतो म्हणून एक माणूस घरी आला आणि त्यानं तो पोखरला. त्याची पद्धत साधी आहे आणि अजून कुणाच्याही घरी चालू शकेल, म्हणून सगळं तपशिलानं लिहिते आहे.

ओळखीतूनच आला. बोलणं मऊ, बाबांच्या पाया पडला, अल्बम उघडताना हातात पांढरे हातमोजे. दर तिकिटाला सहा रुपये, निम्मे आगाऊ. पहिला अल्बम त्यानं आमच्या जेवणाच्या टेबलावर, आमच्यासमोर स्कॅन केला आणि काम खरंच देखणं केलं. काळ्या पार्श्वभूमीवर तिकिटाच्या कडेचा एकेक दात दिसत होता. बाबांना मी मोठ्या पडद्यावर एक तिकीट भरून दाखवलं तेव्हा ते मान तिरकी करून कडेच्या नजरेनं बराच वेळ बघत राहिले. त्या दिवशी घरात किती आनंद होता हे मला अजून आठवतं, आणि त्याच आनंदावर त्यानं पुढचा डाव रचला होता. उरलेल्या अल्बमांसाठी ‘ऑफिसातला मोठा स्कॅनर’ लागणार होता. पावतीवर त्यानं लिहिलं: अल्बम ४, सुस्थितीत. तिकिटं किती, कोणती, कशी, याबद्दल अक्षर नाही.

परत आलं ते सगळं नवं होतं. चकचकीत स्टॉकबुकं (तिकिटं खोचून ठेवायच्या वह्या), पेनड्राइव्ह, एक्सेलमधली यादी, छापील अहवाल. जुने अल्बम कुठे, तर बुरशी लागली होती, बाकीच्या तिकिटांना लागेल म्हणून टाकून दिले. पुण्याच्या पावसाळ्यात कागदाला बुरशी लागते हे खरंच आहे, त्यामुळे ऐकायला ते पटण्यासारखं होतं. पण त्या अल्बमांत प्रत्येक तिकिटाखाली बाबांनी शिसपेन्सिलीनं लिहिलेलं होतं: कधी घेतलं, परफोरेशन म्हणजे कडेची छिद्रं किती, वॉटरमार्क म्हणजे कागदातच उमटवलेली खूण कोणती, काय दोष. म्हणजे त्यानं टाकले ते अल्बम नव्हते. आपल्याकडे काय होतं याची तिकिटागणिक नोंदच त्यानं नाहीशी केली होती.

अहवालात एक सदर होतं ‘डुप्लिकेट’. तीच ती तिकिटं दोनदा असल्यानं त्यानं बाजूला काढली, स्वतःच ठरवलेल्या दरानं विकत घेतली आणि बिलातून तेवढी रक्कम वजा केली. कागदोपत्री सगळं स्वच्छ. मी संध्याकाळी बाबांना यादी वाचून दाखवत होते. नकाशा मालिका आली. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, तेव्हाची भारताच्या नकाशाची नये पैशांची तिकिटं. बाबांनी थांबवलं. म्हणाले, “एकदाच का? आपल्याकडे दोन संच आहेत. एक ताऱ्यांच्या वॉटरमार्कचा, एक अशोकस्तंभाचा.” १९५७ च्या छपाईचा कागद ताऱ्यांच्या वॉटरमार्कचा, १९५८ पासूनचा अशोकस्तंभाचा. चित्र तेच, रंग तोच. समोरून घेतलेल्या स्कॅनमध्ये ही दोन तिकिटं जुळी दिसतात, कारण वॉटरमार्क कागदाच्या पोटात असतो. मग बोधिसत्त्वाचं एक आण्याचं. १९४९ च्या पुरातत्त्व मालिकेत ती मूर्ती आरशातल्यासारखी उलटी छापली गेली आणि १९५० मध्ये सुलटी करून पुन्हा काढली. जवळ ठेवून पाहिलं तर मूलसुद्धा फरक सांगेल. यादीत एकच होतं. दुसरं ‘डुप्लिकेट’.

इथपर्यंत मला वाटत होतं की माणसाला विषय कळत नाही. बाबांना तेव्हाच वेगळी शंका आली. त्यांनी विचारलं, “गांधींचा संच कसा लिहिलाय?”

मी वाचलं: “१९४८, दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे, दहा रुपये. चारही मिंट.” मिंट म्हणजे न वापरलेलं, कोरं तिकीट.

बाबा म्हणाले, “दहा रुपयांचं मिंट आपल्याकडे कधीच नव्हतं. परवडलंच नाही. आपलं शिक्का बसलेलं आहे.”

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. १५ ऑगस्ट १९४८ ला, स्वातंत्र्याच्या पहिल्या वाढदिवशी, गांधीजींची ही चार तिकिटं निघाली. हिंदी आणि उर्दूत ‘बापू’ असं लिहिलेली. छपाई आपल्या नाशिकच्या मुद्रणालयातली नाही, स्वित्झर्लंडच्या कूर्व्हाझिए छापखान्यातली, फोटोग्राव्ह्यूर पद्धतीची. दहा रुपये तेव्हा मोठी रक्कम होती. याच तिकिटाच्या नकला बाजारात बऱ्याच फिरतात. बाबांचे एक जुने संग्राहक मित्र दुसऱ्या दिवशी भिंग घेऊन आले. फोटोग्राव्ह्यूरमध्ये शाई कोरीव खळग्यांतून कागदावर उतरते, त्यामुळे गडद-फिकट छटा सलग दिसतात. आमच्या ‘मिंट’ तिकिटात भिंगाखाली निळे, गुलाबी, पिवळे ठिपके वेगवेगळे मोजता येत होते. आजकालची चाररंगी छपाई. त्यांनी चिमटा खाली ठेवला आणि बराच वेळ बाबांकडे बघितलंच नाही.

भोरच्या पानापाशी मात्र भिंग लागलं नाही. भोरनं १८७९ मध्ये स्वतःची तिकिटं काढली, अर्धा आणा आणि एक आणा, किरमिजी रंगात, देशी कागदावर हातानं ठसा मारून. कडेला छिद्रं नाहीत, मागे डिंक नाही. बाबा तिकिटाला कधी बोट लावत नाहीत. आम्हा मुलांना त्यावरून ओरडा बसलेला आहे. त्या दिवशी त्यांनी ते तळहातावर घेतलं, अंगठ्यानं हलकेच चाचपलं आणि म्हणाले, “हा तो कागद नाही.” मित्रांनी अतिनील दिवा लावला. आधुनिक कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात उजळवणारी रसायनं घालतात, ती या दिव्याखाली निळसर पेटतात. एकोणिसाव्या शतकातल्या कागदात ती असणं शक्यच नाही. आमचं भोर लख्ख पेटलं.

मी त्या माणसाला फोन केला. त्याचं उत्तर शब्दशः सांगते, कारण सगळी लबाडी त्यातच आहे: “ताई, स्कॅन बघा ना. जे होतं तेच आहे.”

आणि स्कॅन खरंच तंतोतंत जुळत होते. बनावट गांधी, बनावट भोर, पेनड्राइव्हवर सहाशे डीपीआयमध्ये (इंचाला सहाशे ठिपके), नाव आणि क्रमांकासकट. त्यानं तिकिटं आधी बदलली आणि नंतर स्कॅन केली. आमच्याच पैशांनी त्यानं असा दस्त तयार करून आमच्या हातात दिला की जो आमच्याविरुद्धच साक्ष देईल. जमिनीला सातबारा तशी संग्रहाला ही यादी, आणि ती पहिल्यांदा कोण लिहितो त्यावर सगळं ठरतं. मूल्यांकनही त्यानंच करून दिलं होतं, आणि संपूर्ण संग्रहाची किंमत इतकी कमी लावली होती की पुढेमागे आम्ही विकायला काढला तर त्याच्याचकडे जावं.

आमच्या हाती दोन गोष्टी उरल्या होत्या. एक, बाबांच्या खरेदीच्या वह्या, ज्या कपाटात होत्या आणि त्याला माहीत नव्हत्या. दुसरी, फार वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात बाबांनी मांडलेल्या पानांचे फोटो. त्यात दहा रुपयांच्या तिकिटावरचा शिक्का स्पष्ट आहे. यांच्या आधारावर आम्ही पोलिसांत लेखी तक्रार दिली आहे. विश्वासानं सोपवलेली वस्तू परस्पर लाटणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली गुन्हा आहे, फसवणूक ३१८ खाली. चौकीत सुरुवातीला “तिकिटंच ना?” असं विचारलं गेलं. वह्यांतल्या खरेदीच्या तारखा आणि फोटो समोर ठेवल्यावर बोलण्याचा सूर बदलला. तक्रारीची पोच शिक्क्यासकट घ्या, तोंडी आश्वासनावर परतू नका. सेवेतल्या फसवणुकीसाठी ग्राहक आयोगाकडेही जाता येतं, मुदत दोन वर्षांची. सुरुवातीची माहिती १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मिळते.

आता ज्यांच्या घरी आजोबांचे, वडिलांचे अल्बम आहेत त्यांच्यासाठी. संग्रह कुणालाही दाखवण्याआधी पहिली प्रत तुम्ही घरीच काढा, मोबाईलनं काढली तरी चालेल. पानं जशी आहेत तशी, हाताच्या अक्षरातल्या नोंदींसकट. फोटो त्याच दिवशी स्वतःला आणि घरातल्या आणखी एकाला ईमेल करा, म्हणजे तारीख पक्की होते. हे झाल्यावर मग नीट स्कॅनिंग, त्याला घाई नाही.

नीट म्हणजे सपाट काचेचा स्कॅनर. कागद आत ओढून घेणारा यंत्रप्रकार तिकिटांच्या जवळपासही आणू नका. किमान सहाशे डीपीआय, मोलाच्या तिकिटांना बाराशे. मागे काळा कागद. रंग आपोआप सुधारणारे, कडा धारदार करणारे पर्याय बंद. छटेवरूनच कित्येकदा छपाई ओळखायची असते. मूळ प्रत टिफमध्ये, म्हणजे चित्राचा दर्जा न घटवणाऱ्या फाइलप्रकारात ठेवा. शेजारी मोजपट्टी ठेवून स्कॅन केलंत तर उत्तम, कारण परफोरेशन म्हणजे दोन सेंटिमीटरमधली छिद्रं, आणि सहाशे डीपीआयला दोन सेंटिमीटरचे साधारण ४७२ पिक्सेल होतात, म्हणजे पुढे कधीही पडद्यावर मोजता येतं. आणि प्रत्येक तिकिटाची मागची बाजू हवीच. डिंक, हिंजची (तिकीट अल्बममध्ये चिकटवायच्या कागदी पट्टीची) खूण, पातळ झालेला कागद, कुणा जुन्या व्यापाऱ्याची पेन्सिलीची खूण, सगळं तिथे असतं. बदलाबदली करणाऱ्याला पुढची बाजू नक्कल करता येते, मागची फार अवघड जाते. स्कॅन करून देणाऱ्यानं फक्त पुढचीच बाजू देऊ केली तर तिथेच काम थांबवा.

वॉटरमार्क यादीत वेगळा लिहा, आणि तो पाहिल्याशिवाय ‘डुप्लिकेट’ हा शब्द कुणालाही वापरू देऊ नका. जुने अल्बम कितीही डागाळलेले असले तरी टाकायचे नाहीत, वेगळ्या पिशवीत ठेवायचे. काम बाहेर द्यायचंच तर तुमच्या घरात, तुमच्या टेबलावर. पावतीवर तिकिटांची संख्या आणि मोलाच्या प्रत्येक तिकिटाचं वर्णन. आणि जो स्कॅन करतो त्यानंच किंमत ठरवायची आणि त्यानंच विकत घ्यायचं, हे तिन्ही एका माणसाकडे अजिबात नको.

बाबा आता उरलेली तिकिटं माझ्याकडून पुन्हा लावून घेतात. ते सांगतात, मी लिहिते. पुढची बाजू, मागची बाजू, वॉटरमार्क. काही जागा रिकाम्या ठेवायला लावतात.

पुण्यातल्या संग्राहकांना आणि व्यापाऱ्यांना विनंती. गांधीजींचं दहा रुपयांचं, वापरलेलं, खाली उजव्या कोपऱ्यावर अर्धगोल शिक्का, त्यात इंग्रजी ‘पूना’ची शेवटची दोनच अक्षरं उमटलेली. भोरचं एक आण्याचं, डावीकडचा समास उजवीपेक्षा रुंद, खालचा डावा कोपरा तिरका कापलेला. यांपैकी काही कुणी विकायला आणलं तर घेऊ नका, त्याचा फोटो काढून ठेवा आणि कुठून आलं ते विचारा.