लिनक्सचं ‘लायसन्स’ विकतात! सहा वायफाय कार्डांपायी १०,१९४ रुपये घालवून लिहितोय

आधी हिशोब मांडतो, म्हणजे पाच-पन्नास रुपयांसाठी बोंब मारतोय असं कुणाला वाटायला नको. सहा ‘एथेरॉस’ वायफाय कार्डं, ८५० प्रमाणे ५,१०० रुपये. बसवणावळ १५० प्रमाणे ९००. ‘लिनक्स ड्रायव्हर’ असलेला पेनड्राइव्ह १,२००. आणि ‘वार्षिक लायसन्स’, मशीनमागे ४९९, म्हणजे २,९९४. एकूण १०,१९४ रुपये. कार्डांचे ५,१०० यूपीआयने दिले, बाकीचे रोख. रोख का, तर दुकानदार म्हणाला, ‘पक्कं बिल केलं की वर जीएसटी, रोखीत तेवढे वाचतील’. वाचले, पण त्याचे.

आणि हाती काय आलं? आमचीच जुनी सहा कार्डं. वर नवं स्टिकर.

लॅपटॉप अमळनेर तालुक्यातल्या एका अभ्यासिकेचे. सगळे २०१० च्या आसपासचे, सगळ्यांवर डेबियन, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी, लिनक्सवरची फुकट ऑपरेटिंग सिस्टिम. आत ब्रॉडकॉम कंपनीचं बीसीएम ४३१२ हे वायफाय कार्ड. हे कार्ड ज्यांनी लिनक्सवर चालवलंय त्यांना पुढचं सांगायला नको. कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, त्याच्यासाठी बी४३ हा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, आहे, पण कार्डाला लागणारं फर्मवेअर, म्हणजे खुद्द कार्डात भरायचं सॉफ्टवेअर, ब्रॉडकॉमच्या मालकीचं, वाटायची परवानगी नाही. म्हणून ते इन्स्टॉलेशनच्या पेनड्राइव्हमध्ये येत नाही. डेबियन १२ पासून, म्हणजे २०२३ पासून, बहुतेक कार्डांची फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच मिळतात, पण हे त्यात नाही, हे आजही अनेकांना माहीत नसतं. ‘युकोड१५ ही फाइल सापडली नाही’ असं डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या संदेशांत, दिसलं की समजायचं. मोबाइल यूएसबीने जोडून टेदरिंग चालू करायचं, सॉफ्टवेअरच्या यादीत कॉन्ट्रिब विभाग जोडायचा, ‘फर्मवेअर-बी४३-इन्स्टॉलर’ टाकायचं. दहा मिनिटांचं काम. ते आम्ही तेव्हाच केलं होतं.

अडचण त्यानंतरची. बीसीएम ४३१२ चं बी४३ शी कायम जमतंच असं नाही. काही मशीनवर ‘फेटल डीएमए एरर’ येते, ड्रायव्हर पीआयओवर, म्हणजे प्रोसेसरला राबवणाऱ्या हळू पद्धतीवर, घसरतो, प्रोसेसर तापतो आणि नेट रांगतं. त्यात कार्डच बी आणि जी वाल्या जमान्यातलं, कागदावर ५४ एमबीपीएस, हातात वीस-पंचवीस मिळाले तर नशीब. म्हणून एथेरॉसचं एआर ९२८५ बसवायचं ठरलं. निर्णय चुकीचा नव्हता, आजही तोच घेऊ. त्या कार्डाचा एटीएच९के हा ड्रायव्हर २००८ पासून कर्नलमध्ये आहे आणि वायफायला वेगळं फर्मवेअर लागतच नाही. कार्ड बसवा, मशीन चालू करा, संपलं.

वाचणारा इथेच विचारेल, मग १,२०० रुपयांचा ड्रायव्हर कशाला घेतला? विचारा. गेले दोन महिने आम्हीही तेच विचारतोय. बचाव एवढाच की एआर ९२८५ च्या काही कार्डांवर ब्लूटूथची एआर ३०११ चिप सोबत असते आणि तिला खरंच फर्मवेअर लागतं. पेनड्राइव्ह त्यासाठी असेल असं आम्हीच गृहीत धरलं. दुकानदाराने ब्लूटूथचं नावही काढलं नव्हतं. त्याच्या खोटेपणाला कारण आम्ही पुरवलं! थोडं माहीत असलेल्या माणसाला फसवणं सोपं असतं, उरलेलं तो स्वतःच जुळवून घेतो.

दुकान जळगावातलं. नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे. भाषा गोड. ‘भाऊ, ओरिजनल माल शे, डोया झाकीसन लई जा.’ आम्ही खरोखरच डोळे झाकले.

बसवायचं काम घरी का नाही केलं, हाही प्रश्न येणार. ही कार्डं अर्ध्या आकाराची मिनी पीसीआय एक्स्प्रेस, साधारण ३० बाय २७ मिलिमीटर. बसवणं अवघड नाही. दोन स्क्रू, अँटेनाची एक वायर मेनवर, दुसरी ऑक्सवर. पण अँटेनाच्या वायरीचं ते बारीक गोल टोक, यूएफएल म्हणतात ते, फार नाजूक. बनवणारी कंपनीच त्याला तीसेक वेळा काढण्या-घालण्याचं आयुष्य देते. पंधरा वर्षं जुन्या लॅपटॉपात ते आधी किती वेळा निघालं कोण जाणे. सहा मशीन, बारा टोकं, एक जरी तुटलं तरी पुन्हा जळगाव. म्हणून सहाही लॅपटॉप गोणपाटात गुंडाळून पॅसेंजरने नेले, दोन दिवस दुकानात ठेवले. हीच मोठी चूक. बसवताना समोर उभे राहा. दोन दिवस ठेवून जा म्हणाला तर लॅपटॉप उचलून परत या.

आता तो क्षण, ज्याची आठवण आली की आजही कानशिलं तापतात.

अभ्यासिकेच्या राऊटरवर मॅक फिल्टर आहे. ज्या कार्डांचे पत्ते राऊटरच्या यादीत आहेत तीच आत येतात. प्रत्येक वायफाय कार्डाचा स्वतःचा बारा अंकी-अक्षरी पत्ता असतो, सहाही लॅपटॉपचे पत्ते वहीत लिहिलेले आहेत. कार्ड नवं म्हणजे पत्ता नवा, म्हणजे राऊटरने दारातच अडवायला हवं होतं. अडवलं नाही. सहाच्या सहा लॅपटॉप चालू केल्या केल्या जोडले गेले. पोलिस भरतीची तयारी करणारा एक पोरगा म्हणालासुद्धा, ‘सर, कार्ड नवीन आहे तर लिस्टमध्ये नवीन नंबर नाही टाकायचा का?’ त्याला उत्तर काय दिलं, तर ‘राऊटरने ओळखलं असेल.’ राऊटर काय पाहुणा आहे ओळखायला! त्या क्षणी टर्मिनल उघडून मशीनमधली कार्डं दाखवणारी एलएसपीसीआय -एनएनके एवढी आज्ञा टाइप केली असती तर अर्ध्या सेकंदात कळलं असतं. एआर ९२८५ चा क्रमांक १६८सी:००२बी. आमच्या मशीनवर दिसला असता १४ई४:४३१५, म्हणजे तेच जुनं ब्रॉडकॉम. स्टिकर कुणीही छापतं, पण हा क्रमांक खुद्द कार्ड सांगतं.

आम्ही पाहिलं नाही, कारण नेट चांगलं चाललं होतं. तेच तर त्याचं कसब. पेनड्राइव्हमधून त्याने ब्रॉडकॉमचाच बंद ड्रायव्हर, डब्ल्यूएल नावाचा, टाकला होता आणि बी४३ ला काळ्या यादीत घातलं होतं. या कार्डावर डब्ल्यूएल पुष्कळदा बी४३ पेक्षा स्थिर चालतो. आम्हाला वाटलं, वा, नव्या कार्डाचा गुण! तेविसाव्या दिवशी गुण कळला.

झालं असं की रात्री डेबियनचं अपडेट आलं, त्यात नवा कर्नल. सकाळी सहाही लॅपटॉपचं वायफाय गायब. दुकानात फोन केला तर शांतपणे उत्तर, ‘लायसन्स एक्स्पायर झालं असेल, रिन्यू करून घ्या. आता रेट ७९९ आहे.’ वर्षाचं लायसन्स तेवीस दिवसांत संपलं! चोर तो चोर, वर शिरजोर.

हे लायसन्स प्रकरण नीट समजून घ्या, कारण दुसऱ्या गावात दुसऱ्या नावाने येईल. लिनक्सचा कर्नल जीपीएल या मुक्त परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली मिळतो. त्याची प्रत विकायला, बसवून द्यायचे पैसे घ्यायला बंदी नाही, मेहनताना कुणीही मागावा. पण वर्ष भरलं की बंद पडणारं लायसन्स त्यात नसतं. आमच्याकडे जे बंद पडलं त्याचं कारण अगदी साधं. डब्ल्यूएल हे मॉड्यूल, म्हणजे कर्नलला जोडायचा तुकडा, ज्या कर्नलसाठी बनवलं असेल त्यालाच चालतं. नीट करायचं तर नॉन-फ्री विभागातून ‘ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस’ आणि सोबत लिनक्स हेडर्स टाकायचे असतात, म्हणजे प्रत्येक नव्या कर्नलला मॉड्यूल आपोआप नव्याने बनतं. याने एका कर्नलसाठी बनवलेली एकच तयार फाइल सहाही मशीनमध्ये टाकली होती. नवा कर्नल आला, त्याच्या फोल्डरमध्ये ती फाइल नाही, संपला विषय. सिद्ध करायला पैसाही लागत नाही. मशीन चालू होताना ग्रबच्या यादीत ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जा, जुना कर्नल निवडा. वायफाय परत येतं. संपलेलं लायसन्स जुन्या कर्नलवर जिवंत कसं होतं?

त्यानंतर झाकण उघडलं. ‘एआर ९२८५’ छापलेला चकचकीत कागद नखाने निघाला, खाली मूळ स्टिकर, त्यावर वहीतला तोच मॅक पत्ता.

हेच कुणाच्या मशीनवर झालं असेल तर दुरुस्ती अशी. ईटीसीमधल्या ‘मोडप्रोब.डी’ फोल्डरमध्ये बी४३, एसएसबी, बीसीएमए या मॉड्यूलांना रोखणारी फाइल शोधा. ती तशीच राहिली तर फर्मवेअर कितीही वेळा टाका, बी४३ उठणार नाही. फाइल बाजूला काढा, इनिटरॅमएफएस, म्हणजे मशीन सुरू होताना लागणारी फाइल, नव्याने बनवा, मग वर सांगितलेलं बी४३ चं फर्मवेअर टाका किंवा डीकेएमएसवालं पॅकेज. दोन्ही एकत्र नकोत, भांडतात. बी४३ वर डीएमएची कुरकुर आली तर पीआयओ=१ आणि क्यूओएस=० हे पर्याय देऊन पाहा. वायफाय बंद की चालू ते दाखवणाऱ्या ‘आरएफकिल लिस्ट’ या आज्ञेत ‘हार्ड ब्लॉक्ड’ दिसलं तर आधी लॅपटॉपच्या कडेचं बटण बघा, ड्रायव्हरला शिव्या नंतर. राऊटर डब्ल्यूपीए२ वर ठेवा, २.४ गिगाहर्ट्झला वेगळं नाव द्या. या कार्डाला ५ गिगाहर्ट्झ दिसतच नाही.

आणि कार्ड खरंच बदलणार असाल तर आधी बायोस, म्हणजे मशीन चालू होताच धावणारा मूळ प्रोग्रॅम, तपासा. जुन्या काही थिंकपॅड आणि एचपीच्या लॅपटॉपांत मान्य कार्डांची यादी बायोसमध्येच असते. यादीबाहेरचं कार्ड घातलं की थिंकपॅड १८०२ आणि एचपी १०४ क्रमांकाची सूचना देऊन तिथेच थांबतो. मग ‘बायोस अनलॉक’चे वेगळे पैसे मागणारा कुणीतरी उगवतोच.

आता सरकारी दारं. पोलिस ठाण्यात गेलो. पहिला प्रश्न, ‘लिनक्स म्हणजे ॲप का?’ समजावलं. दुसरा प्रश्न, ‘कार्ड मिळालं ना? नेट चाललं ना तेवीस दिवस? मग फसवणूक कसली?’ भारतीय न्याय संहितेचं ३१८ कलम काढून दाखवलं तर साहेब म्हणाले, एवढ्याशा रकमेला एफआयआर नसतो, तुम्ही सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, व्यवहार दुकानात समोरासमोर झाला, हे आमच्यात बसत नाही, ठाण्यात जा. बँकेत गेलो, यूपीआयचे ५,१०० तरी अडवा म्हटलं. तिथे उत्तर, पिन तुम्हीच टाकलाय. पुन्हा ठाण्यात गेलो तर पहिला अर्जच सापडेना. पोच मागितली होती, ‘इथे पोच-बिच नसते, आमच्यावर विश्वास नाही का’ असं ऐकवलं होतं. नव्हता, पण तोंडावर म्हणायची हिंमत झाली नाही. दुसरा अर्ज दिला, त्यावर मात्र शिक्का घेतल्याशिवाय हललो नाही. पन्नास मिनिटं बाकावर बसवलं. ४३-४४ डिग्रीच्या उन्हात चार चकरा, प्रत्येक वेळी तोच किस्सा नव्या माणसाला पहिल्यापासून. दुकानदाराला एक फोन करायला यांना किती वेळ लागला असता? आणि चौथ्या चकरेला सल्ला मिळाला तो हा, ‘सुशिक्षित असून कसे फसता?’

ग्राहक आयोगाचा रस्ता कुणी सांगितला नाही, स्वतःच शोधला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, दोन वर्षांची मुदत आहे, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही. आधी १९१५ वर फोन करून तक्रार क्रमांक घ्या, कागदात उपयोगी पडतो. आमचा लंगडा पाय म्हणजे पावती. कच्ची पावती, त्यावर फक्त ‘वायफाय कार्ड ६ नग’. चिपचं नाव नाही, क्रमांक नाही. रोखीच्या ५,०९४ रुपयांचा तर कागदच नाही. बिलावर चिपचं पूर्ण नाव आणि तो आठ अक्षरी क्रमांक लिहून घ्या. पैसे देण्याआधी स्वतःच्या हाताने एलएसपीसीआय चालवा. जुन्या कार्डाचा फोटो, मॅक पत्त्यासकट, आधी काढून ठेवा. जुनं कार्ड परत मागा. आम्ही मागितलं होतं. ‘भंगारात गेलं’ म्हणाला.

सहापैकी पाच लॅपटॉप डीकेएमएसवर चालू झालेत. सहाव्याचं अँटेनाचं टोक स्टिकर बघण्याच्या नादात आमच्याच हातून तुटलं. सोललेली सहा स्टिकरं तारीख घालून पाकिटात ठेवलीत, मॅक पत्त्यांच्या वहीची झेरॉक्स सोबत. आयोगात तीन प्रती मागितल्यात.