५१ पेगासी आणि १०×५० ची द्विनेत्री

आपला सूर्य दुरून कसा दिसेल हे पाहायचे असेल, तर ५१ पेगासी या फिकट पिवळ्या ताऱ्याकडे पाहावे, आणि त्यासाठी १०×५० ची, म्हणजे दहापट वर्धनाची आणि ५० मिलिमीटर भिंगांची, साधी द्विनेत्री (दोन डोळ्यांची दुर्बीण) पुरते, असे कोथरूडच्या गच्चीवर आणि पानशेतच्या काळोखात ती वापरल्यावर मी खात्रीने सांगतो. तारा सुमारे ५० प्रकाशवर्षे दूर असून त्याची दृश्यप्रत (दिसणाऱ्या तेजाचे माप; आकडा जितका मोठा, तितका तारा मंद) ५.५ आहे, म्हणजे पानशेतला तो नुसत्या डोळ्यांना जेमतेम जाणवतो, तर शहरात दिसतच नाही. मात्र ५० मिलिमीटरचे भिंग अंधारात पूर्ण विस्फारलेल्या बाहुलीच्या जवळपास पन्नासपट प्रकाश गोळा करते, त्यामुळे स्वच्छ हवेत तो गच्चीवरूनही सापडतो.

पूर्वाभाद्रपदेचे मार्कब आणि शिआत हे दोन तारे मनातल्या मनात जोडावेत आणि त्या रेषेच्या मध्यापासून किंचित पश्चिमेला पाहावे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला रात्री साडेआठच्या सुमारास ही जागा पुण्यात जवळजवळ डोक्यावर असते, तेव्हा मान अवघडू नये म्हणून आरामखुर्ची हवीच.

खरा आनंद रंगाचा आहे. मंद प्रकाशात डोळ्यांना रंग कळत नाहीत, म्हणून फोकस अगदी थोडा बिघडवावा. ठिपक्याची लहानशी चकती होते आणि तिच्यातली फिकट पिवळी छटा, शिआतच्या तांबूसपणाशी आणि मार्कबच्या निळसर पांढरेपणाशी ताडून पाहिली की, स्पष्ट उमटते. सूर्य तेवढ्या अंतरावर नेला, तर तो याच्याहूनही किंचित मंद दिसेल, हे त्या क्षणी पटते.

याच ताऱ्याभोवती ४.२ दिवसांत फेरी मारणारा, गुरूच्या निम्म्या वस्तुमानाचा ग्रह मिशेल मायर आणि दिदिए केलो यांनी १९९५ मध्ये शोधला व २०१९ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. तो ग्रह दिसेल या आशेने मात्र कोणी ही द्विनेत्री घेऊ नये. ग्रहाच्या ओढीने तारा किंचित डुलतो, आणि ताऱ्याच्या प्रकाशाच्या वर्णपटात दिसलेल्या त्या डुलण्यावरून तो ओळखला गेला होता.

उणिवा दोन आहेत. दृश्यक्षेत्राच्या कडेला तारे ताणल्यासारखे दिसतात, म्हणून तारा मध्यभागी आणावा. दुसरे म्हणजे तिपाईला जोडण्याचा अडॅप्टर सोबत मिळत नाही आणि दहापट वर्धनाला हात थरथरला की ५.५ प्रतीचा ठिपका हरवतो. अडॅप्टर वेगळा घ्यावा किंवा कोपरे खुर्चीच्या हातांवर टेकवावेत.