अल्झायमरची ब्लड टेस्ट: सॅम्पल घेणारा पोरगा एक नंबर, बाकी लॅब जेमतेम

बाबांची पी-टाऊ २१७ ची टेस्ट (अल्झायमरसाठी रक्तातलं एक प्रोटीन मोजतात ती) नौपाड्यातल्या एका लॅबमधून केली, नाव मुद्दाम लिहीत नाही. बी-१२, थायरॉइड, एमआरआय सगळं आधीच झालेलं, मग न्यूरोवाल्या डॉक्टरांनीच ही लिहून दिली, आपल्या मनाने केली नाही.

होम कलेक्शनला पाच स्टार. बाबांची शीर पटकन सापडत नाही, दरवेळी दोन्ही हात काळेनिळे, पण ह्या पोराने आधी त्यांना गप्पांत गुंतवलं, मग जांभळ्या झाकणाची ट्यूब एका टोचण्यात भरली, नाव-वय समोरच लिहिलं आणि आइसपॅकच्या डब्यात ठेवून लगेच निघाला, चहा पण नाही घेतला.

टेस्ट म्हणून चीज भारीच आहे हो. मेंदूत अमायलॉइड नावाचं, अल्झायमरशी जोडलेलं प्रोटीन साचायला लागलं की हे टाऊ रक्तात वाढतं, आधी हेच बघायला मेंदूचं महागडं पेट (PET) स्कॅन नाहीतर पाठीतून पाणी काढायचं, बाबा त्याला तयारच नव्हते. अमेरिकेत एफडीएने, म्हणजे औषधं-टेस्टना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने, मे २०२५ मध्ये अशी पहिली ब्लड टेस्ट मान्य केली, तीसुद्धा ठरावीक वयाच्या पुढच्या आणि विसरण्याची लक्षणं असलेल्यांसाठीच, आणि तिथेही काहींचा रिपोर्ट ना हो ना नाही असा मधेच लटकतो.

आमचा तसाच लटकला. व्हॉट्सॲपवर पीडीएफ, त्यात एक आकडा, एक लाल-पिवळी पट्टी आणि खाली 'इंटरमीजिएट', बस्स. फोन नेमका आईच्या हातात होता, तिने लाल रंग बघूनच रडायला सुरुवात केली. लॅबला फोन केला तर "सर डॉक्टरांना दाखवा" ह्याच्यापुढे गाडी जाईना. डॉक्टरांनी पहिला प्रश्न काय विचारला, तर क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) किती? किडनी कमजोर असली तर हा आकडा तसाही वर जातो म्हणे, आणि बाबांचं शुगरमुळे १.९ आहे, म्हणजे जास्तच! अहो फॉर्मवर एक रकाना ठेवायला काय जातं? नाश्ता केला का ते मात्र दोनदा विचारलं.

आता डॉक्टर म्हणतायत काही महिन्यांनी परत बघू, नाहीतर पेट स्कॅन करू.

आणि कहर म्हणजे मागाहून लॅबचाच फोन, "सर तुमची पण करून घ्या, फॅमिली पॅकेजमध्ये डिस्काउंट आहे". मी ४३ चा, गाडीची चावी सोडून काही विसरत नाही. डॉक्टरांची चिठ्ठी असेल तर सॅम्पल द्यायला खुशाल बोलवा, पॅकेजवाल्यांचा फोन सरळ कट करा. तीन स्टार, त्यातले अडीच त्या पोराचे.