दादासाठी लावलेला चालण्याचा ग्रुप, ४ स्टार

दादाला स्किझोफ्रेनिया आहे, त्यावरची ओलान्झापिन ही गोळी सुरू झाल्यापासून भूक भयंकर वाढली, वजन वाढलं, शुगर बॉर्डरवर आली आणि आम्ही घरातले नुसते चाल रे, गोड खाऊ नको करत बसायचो, तो ऐकतोय कशाला. इथे चालायला नेणारा मुलगा स्वतः त्याच आजारातून गेलाय, गोळीने सकाळी अंग किती जड होतं हे त्याला सांगावं लागत नाही, म्हणून वेळच संध्याकाळची ठेवलीये!! कंबर मोजतात, शुगर आणि लिपिडच्या (रक्तातल्या चरबीच्या) टेस्टची आठवण करतात, पण गोळ्या मनाने बंद करायचं कोणी बोललं की सरळ डॉक्टरकडे पाठवतात, हे बेस्ट. पावसाळ्यात मात्र बोंब, हॉल नाही. आणि सिगरेटबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही, अर्धे जण ब्रेकमध्ये ओढतात, तिथे एक स्टार कापला. फी नाही, चहाचे पैसे आपापले.