‘वासा’ जहाजाचे लाकडी किट: सांगाडा उत्तम, संशोधन शिळे

‘वासा’ ही स्वीडिश युद्धनौका १० ऑगस्ट १६२८ रोजी पहिल्याच सफरीत स्टॉकहोमच्या बंदरात बुडाली आणि १९६१ साली पाण्याबाहेर काढली गेली. मूळ जहाज आज संग्रहालयात उभे असल्याने तिची प्रतिकृती करणाऱ्याला अंदाजावर विसंबण्याचे कारण उरत नाही, आणि म्हणूनच १:७५ प्रमाणातल्या या युरोपीय किटकडून माझ्या अपेक्षा जास्त होत्या.

लाकूडकामाने त्या पूर्ण केल्या. प्लायवूडच्या चौकटी कण्यात कानस न लावता बसतात, आणि त्यांवर पट्ट्यांचे दोन थर चढतात. बाहेरचा थर अक्रोडाचा आहे. मूळ जहाज ओकचे असले तरी ओकचे रेषे इतक्या लहान आकारात भरड दिसतात, त्यामुळे ही निवड मला योग्य वाटते. नाळेजवळ, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाशी, मात्र प्रत्येक पट्टी टोकाकडे निमुळती तासून, कोमट पाण्यात भिजवून मगच वळवावी; तशीच रेटल्यास ती शेजारच्या पट्टीवर चढते.

खरी निराशा रंगांच्या तक्त्याने केली. त्यात वरच्या भागाला निळा रंग सांगितला आहे. पूर्वी तसाच समज होता, पण लाकडावर उरलेल्या रंगकणांच्या अभ्यासातून ती पार्श्वभूमी लाल होती आणि शेकडो शिल्पे अनेक भडक रंगांत रंगवलेली होती, हे कधीच स्पष्ट झाले आहे. ऐतिहासिक अचूकतेचा दावा खोक्यावर छापणाऱ्यांनी हे दुरुस्त करायलाच हवे होते. शिल्पांचे धातूचे ओतकामही बोथट आहे. नाळेवरच्या सिंहाची आयाळ कोरणीने पुन्हा उठवावी लागते. दोरेही सगळे एकाच फिकट रंगाचे दिले आहेत. डोलकाठ्या तोलून धरणारे दोर डांबर लावलेले, काळपट असत, तर शिडे हलवणारे दोर फिके, एवढा फरक तरी ठेवायला हवा होता.

मूळ जहाजाच्या दोन बाजू तंतोतंत सारख्या नाहीत. कारागिरांची मापे वेगवेगळी असणे हे त्याचे एक कारण असावे: जहाजावर सापडलेल्या मोजपट्ट्यांपैकी काही बारा इंची स्वीडिश फुटाच्या, तर काही अकरा इंची ॲमस्टरडॅम फुटाच्या आहेत. किटचा सांगाडा दोन्हीकडे सारखा आहे, पण याला मी दोष मानत नाही.

ज्यांनी आधी एखादे साधे गलबत पूर्ण केले आहे, त्यांनी हे किट सांगाड्यासाठी जरूर घ्यावे. रंगांचा तक्ता बाजूला ठेवून संग्रहालयातल्या १:१० प्रमाणाच्या रंगीत प्रतिकृतीची छायाचित्रे समोर ठेवावीत आणि दोरे वेगळे विकत घ्यावेत.